अर्धवट राहिलेला कॅमेरा

आमच्या मंडळीतील एका गृहस्थांनी मागील महिन्यात उपासना आटोपल्यावर आम्हांस बाजूला घेतले. त्यांचा मुलगा दहावीच्या परीक्षेत गणितात दुसऱ्यांदा नापास झाला होता. ते म्हणाले, "पाळकसाहेब, पहिल्या खेपेस तुम्ही म्हणाला, धीर सोडू नका, पोराला पुन्हा बसवा. आम्ही बसवले. आता काय म्हणता?" त्या प्रश्नात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला. मुलगा दाराशी उभा राहून आपल्या वहाणांकडे पाहत होता. आम्ही त्या वेळी जे काही बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. प्रार्थना करू, असे सांगून आम्ही निरोप घेतला. प्रार्थना केलीही, परंतु उत्तर न सुचल्यामुळे प्रार्थनेचे नाव पुढे करावे, ही सवय आम्हां पाळकांस बरी नव्हे, हेही त्याच रात्री ध्यानात आले.

चिकाटी ह्या विषयावर आम्ही आजवर जी प्रवचने केली ती बहुतेक एकाच सुराची होती. टिकून राहा, खचू नका, पुन्हा करा. ऐकणाऱ्यांनी माना हलविल्या व ते घरी गेले. पण जो मनुष्य पुन्हा करून पुन्हा पडला आहे, त्यास ह्या उपदेशात काय मिळते? त्याला तर आता दोन पराभव सोसावयाचे असतात. आणि आपण पुरेसा धीर धरला नसेल, असा तिसरा भार आपणच त्याच्या डोक्यावर ठेवतो. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही ह्याच विषयाकडे पुन्हा वळत आहो, आणि उदाहरण आपल्याच कोल्हापुरातील घेत आहो.

वाचकांपैकी जे बाजारास किंवा कोर्टकचेरीच्या कामास शहरात येतात त्यांनी खरी कॉर्नर ही जागा पाहिली असेल. तेथे एक स्तंभ असून त्यावर कॅमेरा आहे. राजेरजवाड्यांचे व पुढाऱ्यांचे पुतळे आपण पुष्कळ पाहतो. यंत्राचा मानस्तंभ क्वचितच दिसतो. हा मानस्तंभ आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर ह्या दोघा बंधूंच्या स्मरणार्थ आहे. सिनेमा पाहावा की न पाहावा ह्याविषयी आमच्या वडीलधाऱ्यांत मतभेद असत. तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस येथे चित्रपटाशी कर्तव्य नाही, त्याच्या यंत्राशी आहे, व ते करणाऱ्या माणसांशी आहे.

दोघांचे खरे आडनाव मेस्त्री. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. आनंदराव हे त्यांचे नात्यातील बंधू. घराणे कारागिरांचे, लाकूड, धातू, रंग ह्यांत हात लहानपणापासून वळलेले. शाळेचे शिक्षण मात्र थोडे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याच्या कामात दोघांनी नाव मिळविले, आणि त्या धंद्यावरूनच 'पेंटर' हे नाव त्यांस चिकटले. रंगविलेला महाल हा रंगविलेलाच राहतो, त्यातील झाडाचे पान हलत नाही. पडदा रंगविणाऱ्यास हे प्रेक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असते. १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढे आला आणि ह्या दोघा बंधूंस चलच्चित्राचा ध्यास लागला.

फाळके ह्यांनीही फार सोसले होते; परंतु त्यांस १९१२ साली लंडनला जाता आले, तेथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेता आले, आणि ते चालविण्याची माहिती जाणत्यांकडून घेता आली. कोल्हापूरच्या ह्या कारागिरांनी ठरविले की कॅमेरा आपणच घडवावा. ऐकणाऱ्यांस हे वेडच वाटले असल्यास नवल नाही.

हे काम कसे असते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. कारण ह्या पाठाचा गाभा तेथेच आहे. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक घेतलेली पुष्कळ स्थिर चित्रे. भिंगामागे फीत एकसारखी सरकत राहिली तर तिच्यावर चित्र उमटत नाही, नुसता धूसर पट्टा उमटतो. म्हणून प्रत्येक चित्रापुरती फीत क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे. तेवढ्यात पुढची झडप उघडून मिटली पाहिजे. आणि झडप मिटलेली असतानाच फीत नेमकी एका चित्राइतकी पुढे गेली पाहिजे. मूकपटाच्या काळी हे सारे हाताने दांडा फिरवून एका सेकंदात सुमारे १६ वेळा व्हावे लागे. फितीच्या दोन्ही कडांस प्रत्येक चित्रापाठी चार-चार छिद्रे असतात. त्या छिद्रांत आकडा शिरतो, फीत खाली ओढतो, व सुटून पुन्हा वर येतो. आकडा केसभर लांब झाला तर फीत फाटते. केसभर आखूड झाला तर चित्र थरथरते. पेटीला कोठे फट राहिली तर आत उजेड शिरून सर्व फीत काळवंडते.

आणि सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. फीत फिरत असताना काय बिघडले ते बाहेरून दिसत नाही. ती अंधाऱ्या खोलीत रसायनांत धुतल्यावरच कळते. धुऊन काढली आणि तिच्यावर काही उमटले नाही, तर चूक कोणाची समजावी? भिंगाची, झडपेची, आकड्याची, फितीची, की धुणाऱ्याच्या हाताची? विहिरीवरची मोटार फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा आपल्या शेतकरी बंधूंची जी गत होते तीच ही. फूटव्हॉल्व्ह गळतो, पाइपात हवा शिरली, की विहिरीलाच पाणी उरले नाही? बांधावर बसून कपाळावर हात मारणारा मनुष्य आणि एकेक जोड सोडून पाहणारा मनुष्य, दोघेही त्याच कोरड्या पाटाजवळ असतात. संशय दोघांच्याही मनात असतो. पहिल्याचा संशय असा की, आपल्या नशिबात पाणी नाही. दुसऱ्याचा असा की, बहुधा व्हॉल्व्हच गळत असावा. पहिल्या संशयाने हातपाय गळतात. दुसरा मनुष्याच्या हाती पाना देतो.

आम्हांस वाटते, आपण संशयाविषयी बोलताना हा भेद फारसा करीत नाही. संशय आला म्हणजे विश्वास उणा पडला, असे समजून मनुष्य तो दडपून टाकू पाहतो. पण 'ह्यात कोठे चुकते आहे?' असे विचारणारा संशय दडपला, तर मनुष्य तीच चूक नव्या उमेदीने पुन्हा करतो आणि तिलाच चिकाटी म्हणतो.

आता पुन्हा कोल्हापूरकडे वळू. दोघा बंधूंनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला आणि त्याबरोबरच कॅमेऱ्याच्या जुळणीची खटपट चालू ठेविली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, व परदेशी मालाची आवक कठीण झाली. आणि १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अजून तयार झाला नव्हता.

येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. चिकाटीच्या गोष्टी सांगताना आपण शेवटी ज्याने बाजी मारली त्याचेच नाव घेतो. आनंदरावांनी बाजी मारली नाही. त्यांनी आपल्या यंत्रावर घेतलेले एकही चित्र पडद्यावर हललेले पाहिले नाही. मग त्यांचे श्रम वाया गेले म्हणावे काय? कोल्हापूरकरांनी त्या स्तंभाशी दोघांचीही नावे जोडली, ह्यात त्यांचा विवेक दिसतो. जे काम मागे उरले ते दुसऱ्यास हाती घेता येईल असे उरले होते. पुष्कळ माणसांचे काम त्यांच्या मागे तसे उरत नाही. त्यांची सर्व विद्या डोक्यातच राहते, आणि डोके मातीआड गेले की ती जाते. आमच्या मंडळ्यांतही असे झालेले आम्ही पाहिले आहे. एक वृद्ध बंधू तीस वर्षे मुलांस गाणी शिकवीत होते. चाली कोणास लिहून दिल्या नाहीत, कोणास जवळ बसवून पेटी शिकविली नाही. ते गेले त्याच वर्षी गायन बंद पडले. त्या बंधूंचा धीर थोर होता. तरीही त्यात काही उणे होते, असे म्हणणे आम्हांस प्राप्त आहे.

बाबूरावांनी बंधूच्या मागे काम सोडले नाही. त्यांच्या जोडीला विष्णुपंत दामले हे शिष्य होते. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आल्याला तेव्हा पाच वर्षे होऊन गेली होती.

यंत्र चालले म्हणजे सर्व चालले, असे मात्र झाले नाही. कंपनी काढण्यास पैसा लागतो. कारागिराच्या घरात तो कोठून असणार? गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी भांडवल दिले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पहिला बेत 'सीता स्वयंवर' ह्या चित्राचा होता. पण सीता कोणी व्हावे? कुलीन स्त्रिया तर राहोच, कोणतीच स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास तयार होईना. तो बेत सोडावा लागला. पाच वर्षे खपून यंत्र केले, आणि यंत्रापुढे उभे राहावयास माणूस नाही! आमच्या मते हा पराभव पहिल्यापेक्षा अधिक झोंबणारा असला पाहिजे. पितळेचा आकडा कानशीने घासता येतो. लोकांच्या मनातील लाज कोणत्या कानशीने घासावी?

बाबूरावांनी 'सीता स्वयंवर'च धरून ठेविले नाही. ते बाजूला ठेवून त्यांनी दुसरी कथा घेतली, आणि ह्या वेळी दोन स्त्रिया कामास मिळाल्या. १९२० साली 'सैरंध्री' पुण्यात दाखविण्यात आला. त्यातील कीचकवधाचा देखावा इतका हुबेहूब उतरला होता की लोक भ्याले, व सरकारने तो भाग कापावयास लाविला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सुवर्णपदक देऊन 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पुष्कळ लेखक येथेच थांबतील. आम्ही थांबत नाही, कारण पुढची गोष्ट आमच्या गावकऱ्यांच्या अधिक जवळची आहे. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. कथा नारायण हरी आपटे ह्यांची. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. सावकाराच्या फासात सापडून जमीन गमावलेला एक शेतकरी शहरात गिरणीची वाट धरतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याचे काम करणारा तरुण पुढे व्ही. शांताराम ह्या नावाने प्रसिद्ध झाला. आज जाणकार लोक ह्या चित्रपटाला आपल्या देशातील वास्तवदर्शी चित्रांत अग्रस्थान देतात. पण त्या वेळी लोकांस चमत्कार व लढाया पाहावयाच्या होत्या. स्वतःच्या गावातील सातबारा पैसे देऊन पडद्यावर कोण पाहणार? चित्रपटास हवा तसा आश्रय मिळाला नाही, आणि बाबूराव पुन्हा जुन्या धर्तीच्या कथांकडे वळले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी बाहेर पडून कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार दिवस चालली नाही. बोलपटांचा काळ आला होता. बाबूराव १९५४ साली वारले. 'सैरंध्री'ची फीत आज पाहावयास मिळत नाही.

तेव्हा चिकाटी धरणाऱ्यास यश हमखास मिळतेच, असे ह्या उदाहरणावरून कोणी म्हणू लागल्यास त्याने ते अर्धेच वाचले असे आम्ही म्हणू. एकजण यंत्र पुरे होण्याआधी गेला. दुसऱ्याच्या उत्तम कामाकडे लोकांनी पाठ फिरविली, व त्याची कंपनी त्याच्या डोळ्यांदेखत मिटली. आणि तरीही, ज्या दामले व फत्तेलाल ह्यांनी बाबूरावांच्या हाताखाली धडे गिरविले त्यांनीच 'संत तुकाराम' हा चित्रपट केला, व १९३७ साली इटलीत व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला. फळ कोणत्या फांदीस येईल हे झाड लावणाऱ्याच्या हाती नसते. हे लिहिताना आम्हांस थोडे भय वाटते, कारण अशा वाक्याचा उपयोग आळशी मनुष्यही करू शकतो.

फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला वाचकांस ठाऊकच आहे. मालक म्हणतो तोडून टाक. माळी एक वर्षाची मुदत मागतो. आम्ही ह्या दाखल्यावर अनेकदा बोललो, आणि दर वेळी मुदतीवर बोललो. देवाची सहनशीलता, आणखी एक संधी, वगैरे. पण माळी नुसती मुदत मागत नाही. ह्या वर्षात आपण झाडाभोवती खणू आणि खत घालू, असे तो सांगतो. मागील वर्षांत जे झाले नाही ते करण्यासाठी त्याला वर्ष पाहिजे आहे. आणि एवढे करूनही फळ न आले तर तोडावे, हेही तोच बोलतो. हट्टी मनुष्य हे शेवटचे वाक्य कधी बोलणार नाही.

हे ध्यानात आल्यावर आम्हांस त्या मुलाची आठवण झाली, आणि लाज वाटली. आम्ही त्यास मुदत दिली होती, खणले नव्हते. पुन्हा बस, म्हटले. तो पुन्हा बसला. तेच पुस्तक, तीच वही, तीच पाठ केलेली उदाहरणे, आणि तोच निकाल.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही मुलास व त्याच्या वडिलांस त्यांच्याकडे नेले. गुरुजींनी धीराचा एक शब्द सांगितला नाही. परीक्षा मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते ती मागवा, एवढेच म्हणाले. ती आल्यावर त्यांनी चष्मा लावून पाने उलटली, जसे मिस्त्री बिघडलेल्या पंपाचे भाग मांडून पाहतो. बराच वेळाने एका ठिकाणी बोट ठेविले. समीकरण बरोबर मांडले होते, रीतही बरोबर होती. मध्येच अर्धा आणि एकतृतीयांश ह्यांची बेरीज आली होती, आणि मुलाने ती दोनपंचमांश लिहिली होती. पुढच्या पानावर तसेच. त्याच्या पुढेही तसेच. "ह्याला गणित येत नाही असे कोण म्हणते?" गुरुजी म्हणाले. "ह्याला अपूर्णांक येत नाहीत. ते पाचवीत राहून गेले आहे." वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही छायाप्रतीकडे पाहिले.

मुलगा आता सकाळी उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर हाताखाली काम करतो आणि संध्याकाळी गुरुजींच्या पडवीत बसतो. पाचवीचे पुस्तक घेऊन गावातून जावयाचे म्हणजे मोठीच नामुष्की. म्हणून त्याने त्यास दहावीच्या पुस्तकाचे वेष्टण घातले आहे. गुरुजींनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले. पहिले चार दिवस त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. घरातून भाकरी आणविल्या, एकीचे दोन सारखे तुकडे केले, दुसरीचे तीन, आणि हा तुकडा त्या तुकड्यात मिळवून किती झाले ते सांग, म्हणाले. मुलगा हसला. मग हसू थांबले, कारण त्यास सांगता येईना. कारखान्यात व्हर्निअरवर मिलिमीटरचे बारीक भाग तो रोज वाचतो. तेच हे आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पुरवणी परीक्षा जवळ आली आहे. त्याच्या वडिलांनी आम्हांस पुन्हा काही विचारिले नाही, आणि आम्हीही काही आश्वासन दिलेले नाही. परवा आम्ही सहज पडवीत डोकावलो, तेव्हा गुरुजींनी त्यास पुन्हा तेच अर्धे व एकतृतीयांश घातले होते. त्याने छेद सहा घेतला. मग तो खोडला, थोडा वेळ पेन्सिल दातांत धरून बसला, आणि पुन्हा सहा लिहिला.